सँटोरिनीच्या देगीत एक दिवस

सँटोरिनीला जायचं ठरतंय म्हटल्यावर अम्मीने फोनवर एकच प्रश्न विचारला. "वहाँ की जमीन हिलती क्या?"

धाकट्या भावाने लपवलं नाही. "हिलती अम्मी. फेब्रुवारी में बहुत हिली. अब शांत है."

मला वाटलं, आता विषय संपला. 1993 च्या भूकंपानंतर आमची अम्मी आजही चपला उशाशी ठेवून झोपते. रात्री दाराला कडी लावू देत नाही, नुसतं लोटून घेते. उमरग्यात आमच्या पिढीच्या कित्येक घरांत अशी एखादी तरी सवय शिल्लक आहे. पण अम्मी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "चलो. देखेंगे." का म्हणाली, ते मला तिथे नावेत बसल्यावर कळलं.

भाऊ म्युनिकला नोकरीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याने आम्हा दोघींना बोलावलं होतं आणि तिथून चार दिवसांसाठी ग्रीसला नेलं. त्यातला एक दिवस नावेचा होता. सकाळी निघायचं, ज्वालामुखीच्या बेटांना वळसा घालायचा, दुपारी कुठेतरी जेवायचं आणि सूर्य बुडाला की परत. "आपा, काही करायचं नाही. फक्त बसायचं," असं त्याने मला दोनदा सांगितलं. अडुसष्ट वर्षांच्या अम्मीच्या वाट्याला काही न करता नुसतं बसून राहण्याचे दिवस फार आले नाहीत. माझ्याही वाट्याला नाहीत. शाळेच्या सुट्टीत सुद्धा पेपर असतात.

फिरा हे बेटाचं मुख्य गाव एका उंच कड्याच्या काठावर वसलेलं आहे. पांढरी घरं काठापर्यंत आली आहेत आणि त्यांच्यापुढे जमीनच नाही, सरळ खाली समुद्र. जुन्या बंदरात उतरायला सुमारे 600 पायऱ्या आहेत. त्यांवरून खेचरं आणि गाढवं माणसांना वर-खाली नेतात. आम्ही केबल कारने उतरलो. अम्मीने पूर्ण वेळ डोळे मिटून आयतुल कुर्सी म्हटली आणि खाली पोचल्यावर डोळे उघडून विचारलं, "आ गए?"

नाव लाकडी होती, दोन डोलकाठ्यांची. चाळीस-पन्नास माणसं असतील. बहुतेक युरोपातली, काही कोरियन, एक गुजराती जोडपं. अम्मीला सावलीतली बाकाची जागा मिळाली. गाईड एक तरुण ग्रीक मुलगी होती. ती इंग्रजीत सांगायची आणि मी अम्मीच्या कानाशी ते दखनीत करून द्यायचे. वर्गात मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे या भाषेतलं त्या भाषेत करण्याची सवय आहे. पण त्या दिवशी पहिल्याच शब्दाला अडले. गाईड म्हणाली, आपण आत्ता काल्डेरात आहोत.

काल्डेरा म्हणजे मोठं पातेलं, कढई. ज्वालामुखी फुटून आतला सगळा शिलारस बाहेर पडला की वरच्या डोंगराला आधार राहत नाही. तो आत कोसळतो आणि मोठा खड्डा तयार होतो. सँटोरिनीच्या खड्ड्यात समुद्र शिरला. साधारण 12 किलोमीटर लांब आणि 7 किलोमीटर रुंद असा हा खड्डा आहे. बाजूचे कडे पाण्याच्या वर 300 मीटरपर्यंत उंच आणि खाली पाणी जवळपास 400 मीटर खोल. म्हणजे आपण पाहतो ते बेट एका मोठ्या गोल डोंगराची उरलेली कड आहे. पश्चिमेला थिरासिया नावाचं छोटं बेट हा त्याच कडेचा दुसरा तुकडा.

मी अम्मीला म्हटलं, "ये पूरी एक देग है अम्मी. फूटी और अंदर समंदर भर गया."

अम्मीने लग्नाच्या जेवणावळीतल्या देगी आयुष्यभर पाहिल्या आहेत. तिने चारी बाजूंनी त्या कड्यांकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "और हम देग में बैठे हैं."

कड्यावर रंगांचे थर स्पष्ट दिसत होते. काळा, तांबूस, राखाडी आणि सगळ्यात वर पांढुरक्या राखेचा जाड थर. तो वरचा थर सुमारे 3600 वर्षांपूर्वीच्या स्फोटाचा. माणसाच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या स्फोटांपैकी तो एक मानला जातो. गावं आज ज्या जमिनीवर उभी आहेत, ती त्या राखेची जमीन आहे.

पहिला थांबा नेआ कामेनी. ग्रीक भाषेत याचा अर्थ 'नवी जळालेली'. शेजारच्या बेटाचं नाव पालेआ कामेनी, 'जुनी जळालेली'. ही दोन्ही बेटं देगीच्या मधोमध, समुद्रातून वर आलेली. नवी जळालेली 1707 मध्ये पाण्याबाहेर दिसायला लागली आणि नंतर प्रत्येक उद्रेकात वाढत गेली. शेवटचा उद्रेक 1950 चा. म्हणजे आमची अम्मी आणि ही तिथली शेवटची जमीन जवळपास एका वयाच्या.

अम्मीचे गुडघे चढणीचे नाहीत, ती नावेतच थांबली. मी आणि भाऊ वर गेलो. काळे, टोकदार दगड, नांगरून ढेकळं तशीच सोडलेल्या रानासारखे. झाड नाही, सावली नाही. अर्ध्या तासात आपण तोंडाशी पोचतो. तिथे काही ठिकाणी भेगांतून वाफ निघत होती, गंधकाचा वास येत होता. लोक वाफेवर हात धरून फोटो काढत होते. भाऊ म्हणाला, "आपा, हात ठेवून बघ, जमीन गरम आहे."

मी हात ठेवला आणि लगेच उचलला. पोळलं नव्हतं. पण जमिनीला आतून काहीतरी आहे ही जाणीव मला तेराव्या वर्षी एकदा झाली होती, आणि ती तळहाताने ओळखली. भाऊ तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला काही आठवत नाही. तो पुढच्या भेगेकडे गेला.

खाली आलो तर अम्मी एका खलाशाशी गप्पा मारत होती. अम्मीला दखनी आणि मराठी येते, त्याला अरबी, ग्रीक आणि थोडं इंग्रजी. तरीही गप्पा चालल्या होत्या. पोरगा मिसरचा, दमयत भागातला निघाला. अम्मीच्या डोक्यावरची ओढणी पाहून त्याने सलाम केला होता. डोंगराकडे बोट दाखवून तो म्हणाला, "बुरकान." अरबीत ज्वालामुखीला बुरकान म्हणतात. आम्ही उर्दूत आतिशफशाँ म्हणतो. अम्मीने दोन्ही शब्द बाजूला ठेवून त्याला "आग का पहाड" शिकवलं होतं.

पालेआ कामेनीच्या एका खाडीत गरम पाण्याचे झरे आहेत. नाव जरा लांब थांबते. ज्यांना पोहता येतं ते उडी मारून पोहत खाडीत जातात. तिथलं पाणी लोखंडामुळे तांबूस झालेलं असतं आणि पांढरे कपडे डागाळतात, असं गाईडने आधीच बजावलं. 'गरम' म्हणजे कोमट, असंही सांगितलं. भाऊ गेला. मला पोहता येत नाही. आमच्याकडे मुलींना विहिरीपासून लांब ठेवायची पद्धत होती. मी कठड्याला टेकून उभी राहिले. किनाऱ्यावर एक छोटं पांढरं चर्च होतं, संत निकोलस यांचं. ग्रीक लोक त्यांना खलाशांचा रखवालदार मानतात. पोहणारे हसत-ओरडत होते. ऊन कोवळं होतं. अम्मी डुलकी घेत होती. खरंच काही करायचं नव्हतं.

जेवण थिरासियाला होतं, कोरफोस नावाच्या छोट्या बंदरात. गाव वर कड्यावर, खाली चार-सहा खाणावळी. भावाने मासे, टोमॅटोची भजी आणि फावा मागवला. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घोटलेलं घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्हचं तेल. ही डाळ आपल्याकडच्या लाखेच्या डाळीच्या कुळातली आहे आणि हजारो वर्षांपासून या बेटावर पिकते. अम्मीने बोटाने चाखून निकाल दिला. "लहसुन का बघार होना था." शेजारच्या टेबलांवर वाइन होती, आमच्याकडे लिंबाचं सरबत. कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

जोहरची नमाज आम्ही बंदराच्या कडेला, एका बंद दुकानाच्या ओट्यावर पढली. प्रवासात असल्याने दोनच रकात. किब्ला आग्नेयेला येत होता. मिसरच्या पोराने होकायंत्र न बघता हात केला आणि फोनमध्ये पाहिलं तर तो बरोबर होता. "माझं घरही त्याच बाजूला आहे," तो म्हणाला.

याच थिरासियावरची राख एकोणिसाव्या शतकात सुएझ कालव्याच्या कामासाठी नेली होती. चुन्यात ती मिसळली की पाण्यातही टिकणारं सिमेंट होतं. ती राख खणताना मजुरांना खाली घरांच्या भिंती लागल्या. राखेखाली एक बुडालेली वस्ती आहे हे जगाला पहिल्यांदा तेव्हा कळलं. गाईडने हे सांगितल्यावर मी त्या पोराकडे पाहिलं. तो छातीवर हात ठेवून हसला. "म्हणजे आमच्या कालव्यात हे बेट आहे!"

ती वस्ती किती मोठी होती हे पुढे 1967 मध्ये समोर आलं. स्पिरीडॉन मारिनातोस या पुरातत्त्वज्ञांनी मुख्य बेटाच्या दक्षिणेला, अक्रोतिरीला खोदकाम सुरू केलं. आदल्या दिवशी आम्ही तिथे जाऊन आलो होतो. दुमजली-तिमजली घरं, गल्ल्या, चौक, सांडपाण्याच्या नळ्या, धान्याचे रांजण. भिंतींवर रंगवलेले पाकोळ्यांचे, जहाजांचे, मासे धरलेल्या पोराचे चित्रपट्टे मिळाले, ते आता संग्रहालयांत आहेत. हे सगळं 3600 वर्षांपूर्वीचं. अम्मी लाकडी पुलावरून हळूहळू चालली, खाली बघत राहिली आणि शेवटी मला विचारलं, "लोगाँ किधर हैं? हड्डियाँ किधर हैं?"

तिथल्या माणसाला मी तोच प्रश्न इंग्रजीत विचारला. त्याने सांगितलं की त्या घरांत माणसांचे सांगाडे सापडले नाहीत. सोनं-नाणंही जवळपास नाही, 1999 मध्ये एक सोन्याचा छोटा बोकड तेवढा मिळाला. स्फोटाच्या आधी भूकंप झाले होते. लोकांनी पडझड आवरायला सुरुवात केली होती. खाटा घराबाहेर काढून एकावर एक रचून ठेवलेल्या सापडल्या. मग कधीतरी सगळं तसंच सोडून ते निघून गेले.

"निकल गए," मी अम्मीला म्हटलं.

अम्मीने परत विचारलं, "सब के सब?"

"इस गाँव के तो सब."

त्यानंतर त्या संध्याकाळी ती फारसं बोलली नव्हती. मला वाटलं, चालून थकली असेल.

थिरासियाहून नाव इयाकडे निघाली तेव्हा दुपार कलली होती. बरेच जण डेकवर आडवे झाले होते. गाईड आता फेब्रुवारीबद्दल सांगत होती. 2025 च्या जानेवारीअखेरपासून सँटोरिनी आणि आमोर्गोस बेटांच्या मधल्या समुद्रात भूकंप सुरू झाले. दिवसाला शेकड्याने. बहुतेक छोटे, सर्वांत मोठे 5 च्या थोडे वर. शाळा बंद केल्या. दहा हजारांहून अधिक लोक बोटींनी आणि विमानांनी बेट सोडून गेले. आणीबाणी जाहीर झाली. मग मोठं काही झालंच नाही. मार्चपर्यंत धक्के ओसरले, लोक परतले, हॉटेलं उघडली. शास्त्रज्ञांनी नंतर सांगितलं की समुद्राच्या तळाखाली शिलारस सरकत होता.

एका प्रवाशाने हसत विचारलं, "म्हणजे उगीचच पळाले?"

गाईड हसली नाही. ती म्हणाली, "माझी आजी 1956 च्या भूकंपात इयाला होती." 9 जुलै 1956, पहाटेची वेळ. पन्नासहून अधिक माणसं गेली, घरं कड्यावरून खाली आली आणि त्यानंतर पुष्कळ कुटुंबं कायमची बेट सोडून गेली. "फेब्रुवारीत पहिल्या बोटीत जागा मिळावी म्हणून आजीच रांगेत उभी होती," ती म्हणाली.

मिसरचा पोरगाही तेव्हा बेटावर होता, नावेच्या डागडुजीच्या कामावर. मालकाने जा म्हटलं म्हणून गेला. अथेन्समध्ये ओळखीच्या एकाच्या खोलीत सात जण तीन आठवडे राहिले. त्या दिवसांची मजुरी बुडाली. मी हे सगळं अम्मीला सांगितलं. अम्मीने मला त्याला विचारायला लावलं, "जिस के घर में रहे, वो जाव बोला क्या?"

पोरगा म्हणाला, नाही. तो म्हणाला होता, जमीन थांबेल तेव्हा जा.

मग अम्मीने मला जे सांगितलं ते बत्तीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

माझी खाला सास्तूरला दिली होती. सास्तूर आमच्या उमरग्यापासून लांब नाही. 1992 च्या ऑक्टोबरात किल्लारी भागात जमीन गुरगुरायला लागली, धक्के बसायला लागले. लोक अंगणात, शेतात झोपत होते. खाला दोन मुलींना घेऊन आमच्याकडे आली. आमच्या दोन खोल्या, त्यात आम्ही सहा माणसं. खाला तीन आठवडे राहिली हे मला आठवत होतं, कारण तिची थोरली माझ्याच गादीवर झोपायची. ती का गेली हे मात्र मला माहीत नव्हतं. धक्के थांबले म्हणून गेली असेल असं मी धरून चालले होते.

"मैं बोली उस कू," अम्मी म्हणाली. "अब कित्ते दिन ऐसा डर के रहती, घर कू जा बोली. तेरा मियाँ अकेला है बोली. लोगाँ हँसते बोली."

खाला गेली. काही झालं नाही. वर्षभरात सगळे परत घरात झोपायला लागले. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं खाली आली. हजारो माणसं गेली. खाला आणि तिची धाकटी एका भिंतीखाली सापडल्या. खालू आणि थोरली वाचले.

मला काय बोलावं कळेना. नाव हळू चालली होती. कुणीतरी मोबाइलवर गाणं लावलं होतं. मी अम्मीचा हात धरला. ती रडत नव्हती. बत्तीस वर्षं ती रडून झाली असावी, आम्ही झोपलेलो असताना.

त्या काळातलं एक मला आठवतं. मदत केंद्रावर एक भला माणूस ब्लँकेटं वाटता वाटता म्हणाला होता की हा अजाब आहे, गावांत गुनाह वाढले होते. मी तेरा वर्षांची. मी रात्री अब्बांना विचारलं, खालाने काय गुनाह केला होता? अब्बा फार शिकलेले नव्हते. ते म्हणाले, "दीड हात रुंद दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवदाची माती. घर हलकं असतं तर तुझी खाला आज पाचवेळची नमाजी म्हणून ओळखली गेली असती. भिंत पडली म्हणून ती गुन्हेगार कशी होईल?" पुढे मी बीएड केलं, शिक्षिका झाले. पण दर वेळी कुठे भूकंप झाला आणि आपल्या लोकांत ते 'अजाब' शब्दाचे मेसेज फिरायला लागले की मला अब्बांचं वाक्य आठवतं आणि मी ते मेसेज पुढे पाठवत नाही.

कुरआनात जमिनीवर फिरून आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहायला वारंवार सांगितलं आहे. आपण त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच घेतो की उद्ध्वस्त गावं पाहा आणि घाबरा. अक्रोतिरीला मला दुसरंही काही दिसलं. ती माणसं काय मानत होती, त्यांचा देव कोण होता, हिशेब काय झाला, तो माझा विषय नाही. पण जमीन हलल्यावर त्यांनी इशारा ऐकला आणि खाटा, रांजण, चितारलेल्या भिंती सोडून ती निघाली, एवढं त्या रिकाम्या घरांवरून कळतं. त्यांची बोट कुठे पोचली का, ते कुणाला माहीत नाही. घरात मात्र कुणी मेलं नाही.

उंट आधी बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही हदीस आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असते. तरी घाबरून घर सोडणाऱ्या माणसाला आपण कमकुवत ईमानाचा ठरवतो. 'तकदीर में होगा वो होगा' म्हणतो. इशारा खरा ठरला नाही तर पळालेल्याला हसतो. आणि पुढच्या वेळी तो हसू नये म्हणून निघतच नाही. सास्तूरला, किल्लारीला हेच झालं. 1992 चे धक्के खोटे नव्हते. फक्त त्यांचं उत्तर वर्षभराने आलं, आणि तोपर्यंत लोक बाहेर झोपायला लाजायला लागले होते.

अम्मीला मी यातलं काहीच बोलले नाही. एवढंच म्हटलं, "तुम कू मालूम नै था अम्मी."

"मालूम नै था," ती म्हणाली. "मगर वो डरी थी. मैं उसका डर नै देखी. मैं अपनी दो खोल्याँ देखी."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी 'असं नको म्हणूस' असंही म्हटलं नाही. तिला खरं बोलायला बत्तीस वर्षं लागली होती, ते मी दोन वाक्यांत पुसायला नको होतं.

संध्याकाळी नाव इयाच्या कड्याखाली थांबली. जगभरातले लोक इथला सूर्यास्त पाहायला येतात. वर गावाच्या प्रत्येक गच्चीवर, प्रत्येक भिंतीवर माणसं बसली होती. दूर दक्षिणेला बेटावरचा सर्वांत उंच डोंगर दिसत होता, 567 मीटरचा. त्याचं नाव प्रोफितिस इलियास. म्हणजे आपले हजरत इलियास अलैहिस्सलाम. मी अम्मीला सांगितल्यावर तिने आधी विश्वास ठेवला नाही. मग मिसरच्या पोराने मान डोलावली तेव्हा तिने त्या डोंगराकडे पाहून हळूच सलाम म्हटला.

साडेसहाच्या सुमारास सूर्य पाण्याला टेकला. नावेतले सगळे मोबाइल वर धरून उभे होते. सूर्याकडे न बघता घड्याळाकडे बघणारी आमची अम्मी एकटीच असावी. शेवटची लाल कड बुडाली तशा लोकांनी टाळ्या वाजवल्या. अम्मी दचकली. "क्या हुआ?" मी म्हटलं, काही नाही, सूर्य बुडाला म्हणून. तिला हसू आलं. दिवसभरातलं पहिलं. "हमारे यहाँ तो रोज डूबता," ती म्हणाली आणि वजूसाठी पाण्याची बाटली मागितली.

मिसरच्या पोराने मागच्या बाजूला दोरखंड सरकवून जागा केली, एक स्वच्छ टॉवेल अंथरला. अम्मीने बाकावर बसून मगरिब पढली, मी तिच्या मागे. सलाम फिरवल्यावर ती बराच वेळ हात उचलून बसली. तिने काय मागितलं मी विचारलं नाही. उठताना तिने त्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ज्याच्या खोलीत तो राहिला होता त्यालाही सलाम सांग म्हणाली.

घरी येऊन आता महिना होत आला. अम्मीच्या चपला अजून उशाशीच असतात. दारही लोटलेलंच. पण परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने वसमतला फोन लावायला सांगितला. खालाची थोरली तिकडे दिली आहे. हिंगोली-नांदेड भागात अधूनमधून जमीन हलते. 2024 मध्ये मार्चात आणि जुलैत 4.5 चे धक्के बसले होते. तेव्हा ती मुलांना घेऊन रात्रभर रस्त्यावर बसली होती आणि अम्मीने फोनवर तिला धीर दिला होता, "कुछ नै होता, घर में सो जाव."

या वेळी अम्मीने खुशाली विचारली, मुलांच्या परीक्षा विचारल्या. मग म्हणाली, "सुन बेटा. जमीन जरा बी हिली तो बच्चाँ कू ले के सीधा यहाँ आव. कित्ते बी दिन रहो. जाव करके कोई नै बोलता."

पलीकडून काही वेळ आवाज आला नाही. मग भाची म्हणाली, "हौ खालाजान."

आमच्या घरात आता चार खोल्या आहेत. मागच्या खोलीत अम्मीने दोन गाद्या जास्तीच्या करून ठेवल्या आहेत.